बाईंच्या गोष्टीतला न

बाई माणसाकडे खालून वर बघत. आधी चप्पल, मग पायांची नखं, मग पँटची घडी, शर्टाची बटणं. चेहऱ्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांचं मत झालेलं असे. ते मत बहुतेक वेळा चुकीचं निघे.

रायपूरला माझी बदली झाली तेव्हा मी बुढापाऱ्यातल्या त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या बघायला गेलो. बाई ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला त्यांच्या पद्धतीनं पाहून घेतलं आणि एकट्या माणसाला खोली देत नाही म्हणून सांगितलं. मी म्हणालो, मी एकटा नाही, बायको आहे, मुलगी पहिलीत आहे, शाळेचं वर्ष संपलं की दोघी इकडे येतील. बाईंनी लसणाचं बोट माझ्या शर्टाकडे केलं. पांढऱ्या शर्टाचं एक बटण काळ्या दोऱ्यानं शिवलेलं होतं.

"बायको असती तं पांढरा दोरा घेतला असता."

"बायकोनंच शिवलंय ते," मी म्हणालो.

दुसरं कुणी असतं तर ओशाळलं असतं. बाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "मंग काळा काहून घेतला तिनं?"

मला माहीत नव्हतं. बटण काळ्या दोऱ्यात आहे हेच मला तेव्हा कळलं होतं. बाई म्हणाल्या, ते शोधून आणा आणि खोल्या घ्या. मी बायकोला फोन केला. ती म्हणाली, तुमचं लक्ष जातं का ते बघत होते, बरेच दिवस झाले त्याला. मी हे जसंच्या तसं बाईंना सांगितलं. पुढच्या रविवारी पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, मुलांना काळ्या दोऱ्याची गोष्ट ऐकायला मिळाली. तीत एका शिंप्याच्या दुकानातून झालर हरवते. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, पण बटण माझंच होतं.

बाई आता नाहीत. त्यांचं छापलेलं असं एकच पुस्तक आहे, मुलांसाठी लिहिलेल्या रहस्यकथांचं, आणि ते ज्या रूपात लोकांकडे आहे ते रूप माझ्या हातचं आहे. पुस्तक कुणाला आठवत असेल असं मला वाटत नाही. तरीही ते कसं बिघडलं हे मी लिहून ठेवतो आहे, कारण बाईंना विसरून त्याबद्दल लिहिता येत नाही आणि त्याबद्दल न लिहिता बाईंबद्दल लिहिणं मला खोटं वाटतं.

त्यांचं घराणं मूळ वर्ध्याकडचं. आजोबा रेल्वेबरोबर इकडे आले आणि इथेच राहिले. बाई रायपुरातच जन्मल्या, हिंदी शाळेत मुलांना गणित शिकवून निवृत्त झाल्या. मुलगी लग्न होऊन शहरातच पंडरीला होती, जावयाचं कापडाचं दुकान. घरात बाई एकट्या. पाऱ्यातली मुलं त्यांना जासूस दादी म्हणत, आणि मोठी माणसंही किल्ली सापडेना, गॅसचं पुस्तक मिळेना की त्यांना बोलावून नेत. बाई जात, उंबऱ्यापासून तपास सुरू करत, घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं बसवून प्रश्न विचारत आणि शेवटी ठामपणे चुकीची जागा सांगत. पण तोवर सगळं घर कामाला लागलेलं असे आणि किल्ली कुठूनतरी निघे. बाईंना किल्लीचं फारसं नसे. आपला अंदाज कुठे चुकला एवढं त्या विचारून घेत आणि खूष होऊन परत येत.

एकदा मी जिना चढत होतो. त्यांनी माझ्या चपला पाहिल्या.

"बीरगांवले गेल्ते."

मी म्हणालो, पंडरीच्या पलीकडे गेलोच नाही आज.

"मंग ही काळी धूळ?"

मी वर बोट दाखवलं. वारा बीरगांवकडून असला की तिथल्या कारखान्यांची काजळी शहरात येते. आमच्या गच्चीवर त्या दिवशी बोटानं नाव लिहिता आलं असतं. बाईंनी चपलेकडे पुन्हा एकदा पाहिलं. "म्हनजे बीरगांव तुमच्याकडे आलं," त्या म्हणाल्या, आणि हेही त्यांनी कुठेतरी वापरलं असणार.

रविवारी दुपारी ओसरीवर गोष्ट होई. ओसरीला इथे परछी म्हणतात. मुलं हिंदी बोलणारी, छत्तीसगढी बोलणारी, काही मराठी घरांतली. बाई गोष्ट मराठीत सांगत आणि मधेच थांबून म्हणत, विचारा आता. मग त्या एकेक साक्षीदार होत. पदर डोक्यावर घेतला की भाजी विकणारी बाई, पदर कमरेला खोचला की दारोगा, नुसता चष्मा नाकावर आणला की पेन्शनर मराठी आजोबा. नियम एकच. साक्षीदाराला त्याच्या भाषेत विचारलं तरच तो उत्तर देणार. भाजीवालीला छत्तीसगढीत, दारोगाला हिंदीत, आजोबांना मराठीत. चुकीच्या भाषेत विचारलं की बाई दगडासारख्या बसून राहत. मुलं एकमेकांना ढोसत. "अरे तू पूछ ना, तेरे को आती है." "हव, पूछत हौं." चोर शोधायच्या नादात त्या पोरांनी एकमेकांच्या भाषा शिकून घेतल्या.

बाईंच्या गोष्टीत कुणी मरत नसे. मी एकदा सहज म्हणालो की रहस्यकथेत एखादा खून नसला तर मुलांना मिळमिळीत वाटत असेल. बाईंनी मान हलवली. "मेलेलं मानूस शेवटच्या पानावरही मेलेलंच राह्यते जी. हरवलेली वस्तू सापडते. लेकराईले सापडनारी गोष्ट सांगाव." त्यांच्या यजमानांना शहराबाहेरच्या रस्त्यावर एका ट्रकनं उडवलं होतं आणि तो ट्रक कधी सापडला नाही, हे मला पुढे शेजाऱ्यांकडून कळलं. बाई त्यावर कधी बोलल्या नाहीत.

त्यांची नात रविवारी पंडरीहून येई. दहा-अकरा वर्षांची, तुरतुरीत मुलगी. आजीचं सगळं तिला समजे आणि उत्तर ती हिंदीत देई. मराठी आजोबा साक्षीला आले की तिची अडचण व्हायची. बाईंनी तिला कितीतरी मराठी पुस्तकं आणून दिली होती. एकही तिनं चार पानांपुढे वाचलं नव्हतं. एका रविवारी बाईंनी ते काढलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, किताब वाली मराठी अलग होती है. अपनी वाली तो गलत है ना." नात्यातल्या कुठल्याशा लग्नात पुण्याकडच्या मुलींनी तिला बोलतं केलं होतं आणि त्या हसल्या होत्या.

त्या आठवड्यात बाई माझ्याकडे वर आल्या. गुडघे दुखत असताना त्या जिना चढल्या होत्या म्हणून मी घाबरलो. त्यांना एवढंच सांगायचं होतं की त्या पुस्तक काढणार. त्यातली माणसं इथल्यासारखी बोलतील. "मह्या नातीनं एक तरी मराठी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "आपन बोलतो ते छापता येते, हे तिले दिसलं पाहिजे. मंग ती बोलन."

कॅलेंडरच्या मोठ्या पानांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी गोष्टी लिहिल्या. छापखान्यातल्या माणसानं त्या संगणकावर चढवल्या. तपासायची वेळ आली तेव्हा बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आले होते आणि साखर वाढलेली असल्यामुळे डॉक्टर थांबा म्हणत होते. अक्षरं मुंग्यांसारखी चालतात, असं त्या म्हणत. त्यांनी मला बोलावलं.

"तुमी पुण्याले शिकले. वेलांट्या, उकार पाहून द्या. गोष्टीले हात नका लावू."

इथे मला माझं थोडं सांगावं लागेल. मी गोंदियाचा. आमच्या घरी पानी म्हणत, कोन म्हणत, मले-तुले म्हणत. पुण्याला वसतिगृहात पहिल्या आठवड्यात मी जेवताना पानी मागितलं. समोरच्या मुलानं पाण्याचा जग उचलून धरला आणि म्हणाला, नीट माग. मी पुन्हा पानी म्हणालो. टेबलावरचे सगळे हसले. मग तो रोजचा खेळ झाला. ण आल्याशिवाय जग मिळत नसे. मी न्हाणीघरात नळ सोडून ण घोटत असे. तो आला आणि असा बसला की पुढे गोंदियाला गेल्यावरही जाईना. आई एकदा म्हणाली, तू पाव्हन्यासारखा बोलून राहिला. मला ते कौतुक वाटलं.

बाईंच्या वेलांट्या आणि उकार मी मन लावून तपासले. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण प्रत्येक पानावर पानी, कोन, लोनी, म्हनून. मले आणि तुले मला चालत होते. ते बोलीतले म्हणून शोभून दिसतील असं वाटत होतं. 'हो'साठीचं हवसुद्धा मी तसंच ठेवलं. तो न मात्र डोळ्यांत कुसळासारखा खुपायला लागला. हे पुस्तक पुण्या-नाशकाकडे कुणी उघडलं तर बाईंना हसतील, असं मी स्वतःला सांगितलं. संगणकात सोय असते. एकीकडे चुकीचा शब्द लिहायचा, दुसरीकडे बरोबर, आणि एक कळ दाबायची. पुस्तकभर तो शब्द बदलतो. पानीचं पाणी झालं. कोनचं कोण झालं. मग एका गोष्टीच्या सुरुवातीला एक मुलगी म्हणते, "भांड्यावर खून हाय." मला लगेच कळलं की तिला खूण म्हणायचं आहे. मी त्याच बोलीतला असल्यामुळेच मला ते कळलं आणि आपल्याला कळलं याचा मला आनंद झाला. मी कळ दाबली. किती ठिकाणी बदल झाला ते यंत्रानं खाली दाखवलं. मी वाचलं नाही. प्रूफ वाचताना माणूस अक्षरं वाचतो, गोष्ट वाचत नाही.

ती गोष्ट पुस्तकातली सगळ्यात मोठी होती. बाईंनी ती ओसरीवर कधी सांगितली नव्हती, नातीसाठी राखून ठेवली होती. गोल बाजारात काशा-पितळेच्या भांड्यांचं दुकान. एका म्हातारीचा काशाचा लोटा चोरीला गेलेला. भांड्यावर नाव कोरून घेण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. या म्हातारीला लिहिता-वाचता येत नसल्यामुळे तिनं नावाऐवजी काठाखाली तीन ठिपके कोरून घेतलेले. तिची नात दुकानातल्या ढिगात तो लोटा ओळखते आणि ओरडते, "भांड्यावर खून हाय!" दारोगा हिंदी. त्याला ऐकू येतं, रक्त. दुकानातला मुनीम नागपुरात पुस्तकी मराठी शिकलेला. त्याला वाटतं, कुणाचा तरी मुडदा पडला. बाजारभर पळापळ होते. कुणी प्रेत शोधतं, कुणी भांडी उन्हात धरून रक्ताचे डाग बघतं. दुकानातला एकच माणूस पळत नाही. तो मागच्या खोलीत बसून कानशीनं एका लोट्याचा काठ घासत असतो. शेवटी म्हातारी येते आणि दारोगाला सांगते, "पोट्टी खून नाई म्हनून राहिली, खूण म्हनून राहिली." मग दारोगा विचारतो की मुलगी काय म्हणाली ते इथे बरोबर कुणाला समजलं होतं? ज्याला समजलं तोच चोर.

सगळ्या गोष्टीत ण एकदाच होता, त्या वाक्यात. बाईंनी तो तेवढ्यासाठीच जपून ठेवला होता. मी तो सगळीकडे वाटून टाकला. छापलेल्या पुस्तकात मुलगी पहिल्याच पानावर म्हणते, "भांड्यावर खूण हाय," आणि सगळे लोक वेड्यासारखे धावत सुटतात. दारोगा विचारतो, "किसका खूण?" आणि शेवटी म्हातारी सांगते, "पोट्टी खूण नाई म्हणून राहिली, खूण म्हणून राहिली."

हे मला पुस्तक छापून आल्यावर कळलं. ओसरीवर सतरंज्या घातल्या होत्या, मुलगी-जावई आले होते, पाऱ्यातली मुलं होतीच. बाईंनी पहिली प्रत नातीच्या हातात दिली आणि ती गोष्ट मोठ्यानं वाचायला सांगितली. नात अडखळत वाचू लागली. सगळ्यांच्या हातात प्रती होत्या, पण ऐकताना पुस्तकात बघणारा मी एकटाच असेन. माझ्या पानावर खूण लिहिलेलं होतं. नातीच्या तोंडून आलं, "भांड्यावर खून हाय." तिच्या जिभेला ण माहीतच नव्हता. पानावर काहीही असो, ती न वाचत होती. मुलं ओरडली, किसका, किसका? पळापळ आली तेव्हा हसून लोळली. शेवटच्या वाक्यात दोन्हीकडे खूनच आलं, पण तोवर सगळ्यांना समजलं होतं आणि एका पोरानं चोराचं नावही सांगून टाकलं.

गोष्ट जिवंत होती आणि माझ्या मांडीवर ती मेलेली पडली होती. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी चाचपडत माझा हात शोधला. म्हणाल्या, "नाई लावला तुमी हात गोष्टीले."

मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. बायको साताऱ्याकडची, तोवर मुलीला घेऊन राहायला आली होती. तिनं पुस्तक वाचलं आणि एका क्षणात तिच्या लक्षात आलं. ती म्हणाली, जा, आत्ता खाली जाऊन सांगा. मी म्हणालो, पाहुणे जाऊ देत. पाहुणे गेले. मग मी म्हणालो, ऑपरेशन होऊन जाऊ दे. ऑपरेशन लांबत गेलं.

प्रती नातेवाइकांकडे गेल्या. बाईंच्या अमरावतीच्या भावाचा फोन आला. ते स्वतः शिक्षक होते, त्यांनी आधी पुष्कळ कौतुक केलं आणि मग विचारलं की ती भांड्यांची गोष्ट नीटशी कळली नाही, लोक एवढे पळतात कशाला? मग वर्ध्याहून कुणी तेच विचारलं. बाईंनी नातीला पुन्हा वाचायला लावली. नातीनं वाचली ती पुन्हा बरोबर. शेजारच्या मुलानं वाचली, तीही बरोबर. इथला जो कुणी वाचे तो नच वाचे. बाईंना दोष सापडेना. मग त्यांनी मला विचारलं.

"तुमी तं पुरी पाह्यली. गोष्ट कोठी अटकते?"

मी म्हणालो, "मला तर कळली, बाई."

बाकी जे झालं त्याला चूक म्हणता येईल. हे वाक्य मी समजून उमजून बोललो.

बाईंनी त्यातून जो निष्कर्ष काढला तो त्यांच्या नेहमीच्या निष्कर्षांसारखा चुकीचाच होता, पण या वेळी त्या खूष झाल्या नाहीत. आपल्याला गोष्ट रचता येत नाही असं त्यांनी ठरवलं. ओसरीवरची मुलं आपल्या हावभावांना हसतात, गोष्टीत काही नसतं. नात खरं बोलली होती, पुस्तकाची मराठी वेगळी असते आणि आपली तिथे चालत नाही. एका रविवारी त्यांनी डोकं दुखतं सांगून मुलांना परत पाठवलं. पुढच्या रविवारी ओसरीचं लोखंडी दार उघडलंच नाही. राहिलेल्या प्रतींचे गठ्ठे पलंगाखाली सरकवले गेले. मी जिन्यावरून जाई-येई तेव्हा त्या माझ्या चपलांकडे बघत नसत. मला त्यानं सुटल्यासारखंही वाटे. हे लिहायला लाज वाटते, पण वाटे.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी नात वर आली. बरोबर पाऱ्यातल्या दोन मुली. बायको बाजारात गेली होती. नात तहान लागली म्हणाली म्हणून मी पेला भरून दिला. तिनं तो घेतला नाही.

"अंकल, इसको मराठी में क्या बोलते हैं?"

"पाणी," मी म्हणालो.

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग नातीनं पेला घेतला, सगळा प्यायली आणि म्हणाली, "नीचे चलिए."

जिन्यावरच तिनं मला सगळं सांगितलं. रविवारी गोष्ट नसल्यामुळे तिला आजीकडे काही काम नव्हतं. एका दुपारी बाई झोपल्या होत्या म्हणून तिनं पुस्तक मोठ्यानं न वाचता मनात वाचलं. "मुँह बंद करके पढ़ा तो दूसरी किताब निकली," ती म्हणाली. मग तिनं सगळं पुस्तक तसं वाचून काढलं. आजीचं मले तसंच होतं, काहून तसंच होतं, हव तसंच होतं. फक्त न गेला होता. छापखान्यातला माणूस छत्तीसगढी, त्याला मराठीतलं काही दुरुस्त करता आलं नसतं. ज्याला आजीचा शब्द बरोबर समजला असेल त्यानंच तो घासून काढला असणार, कारण आजीच्या गोष्टीत तसंच होतं. आणि या घरात आजीची बोली समजणारं, पण ण म्हणणारं कोण?

बाई ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. नात त्यांच्यासमोर उभी राहिली. तिनं एक श्वास घेतला. मी तिला सलग मराठी बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"आजी, तुझी गोष्ट बराबर हाय. पुस्तकातला न कोनं तरी चोरला. सगळा."

बाईंनी तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हातारीचं छापलेलं वाक्य नातीनं त्यांना समजावून सांगितलं, ण म्हणता येत नव्हता म्हणून त्यांच्या तळहातावर बोटानं काढून दाखवला. मग बाईंनी मान माझ्या दिशेला वळवली. मी कुठे उभा आहे ते त्यांना अंधुक दिसत असावं.

"काहून?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "बाई, मला वाटलं की बाहेरच्या वाचकांना..." आणि थांबलो, कारण बाई अगदी दगडासारख्या बसून होत्या. नातही तशीच. उत्तर येणार नव्हतं. मी पुन्हा सुरुवात केली.

"मले लाज वाटे, बाई," मी म्हणालो. "आपल्या बोलन्याची. लहानपनापासून नाई, पुन्याले गेलो तवापासून. म्या तुमाले खोटं सांगितलं."

मले हा शब्द आईशी बोलतानाही मी कित्येक वर्षांत उच्चारला नव्हता.

बाई रागावल्या का, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या नातीला म्हणाल्या, पोट्ट्यांना बोलाव. मुलं जमायला वेळ लागला नाही, दार उघडलं हे पाऱ्यात लगेच कळतं. बाईंनी पलंगाखालच्या गठ्ठ्यातून एक प्रत आणायला लावली आणि ती माझ्या हातात द्यायला सांगितली.

"वाचा आता. जशी म्या लिहिली तशी."

मी सतरंजीवर बसलो. मुलं भोवती. पहिला परिच्छेद बरा गेला. मग मुलीचं वाक्य आलं आणि माझ्या तोंडून छापलेलंच बाहेर पडलं, खूण, टणटणीत. दोन-तीन मुलं खुदखुदली. नात म्हणाली, "खून, अंकल." मी पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. जीभ आपोआप टाळूला जाऊन वळत होती. बाई, वर्गातल्या मंद मुलासाठी थांबावं तशा, डोळे मिटून थांबल्या होत्या आणि त्यांना कसलीही घाई दिसत नव्हती. मी पुस्तक खाली ठेवलं. अक्षर समोर असेपर्यंत ते जमणार नव्हतं. मी आमच्या गोंदियाच्या घरातली आई आठवायचा प्रयत्न केला, ती हे वाक्य कसं म्हणाली असती ते.

"भांड्यावर खून हाय," मी म्हणालो.

एका मुलीनं आपल्या धाकट्या भावाला कडेवर आणलं होतं. त्यानं ही गोष्ट कधी ऐकलेली नव्हती. तो तिच्या मांडीवरून एकदम ताठ झाला.

"किसका?" त्यानं विचारलं.

बाईंनी डोळे उघडले, पदर कमरेला खोचला आणि त्या सरसावून बसल्या.